शेवटच्या जागेवरचे मोसाजी

नम्र माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण नम्रपणानं घरादाराला जेरीस आणणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला मोसाजी म्हणून आला. मावशीच्या नवऱ्याला आमच्याकडे मोसाजी म्हणतात. हे मोसाजी आमगावचे. बाजाराच्या रस्त्याला त्यांची पिठाची चक्की होती. आमगावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, चर्चही लहानसं, कौलारू. त्या चर्चमधला उपदेश ऐकून बाकीची मंडळी जशी घरी जाऊन जेवून झोपत, तसं मोसाजींना कधी जमलं नाही. ते ऐकलेलं करायला जात. मेजवानीला बोलावणं आलं तर मानाच्या जागी बसू नये, शेवटच्या जागी जाऊन बसावं, ही प्रभूची शिकवण लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांच्या कानावर पडली, आणि तेव्हापासून त्यांनी शेवटची जागा जी धरली ती दुसऱ्या कुणाला मिळू दिली नाही.

चर्चमध्ये ते दाराशी, चपलांच्या शेजारी खाली बसत. एकदा नवे पाळकसाहेब आले. तरुण होते, मनानं चांगले होते. म्हातारा माणूस जमिनीवर बसलेला पाहून त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी खुर्ची मागवली. मोसाजींनी ती उशिरा आलेल्या एका बाईला दिली आणि स्वतः पायरीवर जाऊन बसले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पायरीवर खुर्ची ठेवली, तर मोसाजी अंगणात कडुनिंबाखाली. पाळकसाहेबांनी तेव्हा हात टेकले; आणखी एक रविवार हट्ट धरला असता तर मोसाजी उपासनेला रस्त्यापलीकडून हजर राहिले असते. दाराशी बसून ते सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत, निघताना पाय सरळ आत जावा म्हणून तोंडं बाहेरच्या बाजूला करून. "उपदेश कानानं आयकाचा, हात कायले रिकामे ठेवाचे?" असं त्यांचं म्हणणं. चपला लावता लावता कुणाची टाच एका बाजूनं झिजली आहे हे ते बघत, आणि बाहेर पडणाऱ्या बाईला हळूच विचारत, "गुडघा दुखून राहिला काय बाई?" एकदा मात्र जोड्या चुकल्या. पाळकसाहेब एक पाय स्वतःच्या आणि एक पाय दुसऱ्याच कुणाच्या चपलेत घालून आमगावभर भेटी देऊन आले. मोसाजींनी त्यांच्याकडे जाऊन इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी पाळकसाहेबच हात जोडून म्हणाले, "बाबा, आता तुम्ही मला माफ करा."

सालेकशाला एका लग्नात तर त्यांची बरोबरीच्या मल्लाशी गाठ पडली. मुलीकडचे एक वृद्ध गृहस्थही तसेच, शेवटच्या जागेचे उपासक. मोसाजी पंगतीच्या टोकाला बसले की हे उठून त्यांच्या पलीकडे बसत. मग मोसाजी "नाही नाही, तुमी इकडं" म्हणून आणखी पलीकडे. असे दोघं एकमेकांना मान देत देत मांडवाबाहेर गेले, आणि वाढप्यांना सापडले तेव्हा आचाऱ्याच्या चुलीमागे ओल्या लाकडांच्या ढिगाशी बसलेले होते. या सगळ्या प्रवासात मावशी त्यांच्या शेजारी होती, कारण नवऱ्याला सोडून पुढं कशी बसणार? ताटं आली तोवर मटण संपलं होतं. शेवटच्या पंगतीला रस्सा उरतो, बोटी उरत नाही. ही गोष्ट मावशीच आम्हाला सांगायची. घरी येताना तिनं विचारलं होतं, "काऊन जी, एक तरी बोटी भेटली काय तुमाले?" तर मोसाजी म्हणाले, "रस्सा मस्त गरम होता." हे सांगताना मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. ते पाणी हसण्याचंच आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गाडीत तर जागा मिळाली की ती कुणाला देता येईल याकडे त्यांचं लक्ष. नागपूरला एका नातलगाच्या लग्नाला निघाले. आमगावला चढताच कुणीतरी ओळखीच्या माणसानं दोघांना खिडकीशी बसवलं. गोंदिया यायच्या आत मोसाजींनी दोन्ही जागा देऊन टाकल्या होत्या. एक लेकुरवाळ्या बाईला आणि एक तिच्या सासूला. "बसा बाई, आमी पुढंच उतरतो." नागपूरला उतरताना ती बाई पाहते तर हे दोघं दाराशी उभेच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर पुढंच उतरणार होते ना?" मोसाजी म्हणाले, "मंग? नागपूर पुढंच तर आहे." खोटं बोलायचं नाही हेही त्यांचं व्रत होतं. मावशीचे पाय संध्याकाळपर्यंत सुजले होते. नवरीच्या आईनं गरम पाण्याची बादली दिली तेव्हा कुठं ती मांडवात चालू शकली.

आणि बाजाराच्या दिवशी एका दारुड्यानं भलत्याच माणसावरचा राग काढत त्यांच्या कानशिलात ठेवून दिली, तेव्हा सगळा बाजार धावला. मोसाजी गाल चोळत त्या दारुड्यालाच विचारत होते, "हाताले तं नाही लागलं ना भाऊ?" तो बिचारा तिथंच मटकन बसला आणि रडायला लागला. मग मोसाजी त्याच्याजवळ बसून ऐकायला लागले. बायको सोडून गेली होती म्हणे.

ऐकणं हा त्यांचा दुसरा रोग. देवानं आपल्याला दोन कान दिले ते शोभेला दिले नाहीत, समोरचा माणूस बोलत असला की त्याच्यापुढे आपलं काम मोठं नाही, असं ते मानत. आता चक्कीवाल्यानं हे मानायला लागलं तर दळण कसं व्हावं? चक्कीच्या आवाजात ऐकू येत नाही. म्हणून कुणी तोंड उघडलं की मोसाजी बटण दाबून चक्की बंद करत. "अर्धा शब्द चक्की खाते," म्हणत. शेजारच्या बौद्ध घरातली काकू हैदराबादला गेलेल्या मुलाचा फोन येत नाही म्हणून सांगायला आली की चक्की बंद. कुणाची गाय आटली, चक्की बंद. कुणाची सून बोलत नाही, चक्की बंद. भुवयांवर पीठ बसलेलं, मान एका बाजूला कललेली, आणि डोळे सांगणाऱ्याच्या तोंडावर. एक मारवाडी व्यापारी एकदा वैतागून म्हणाला होता, "चाचा, पहले गेहूँ पीस दो, दुख बाद में सुन लेना." मोसाजींनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "तुमको क्या दुख है, सेठ?" आणि तो व्यापारी, कुणाला सांगू नका, खरंच सांगायला लागला. शेवटी ओल्या हातांनी मावशी घरातून यायची, पदराला हात पुसायची आणि स्वतः बटण दाबून चक्की सुरू करायची. म्हणायची, "दुनियेचं दुख आयकता आयकता डब्बे पडून राहिले ना जी!"

हे ऐकलेलं सगळं ते संध्याकाळी जेवणाआधीच्या प्रार्थनेत देवासमोर ठेवत. ज्यानं ज्यानं काही सांगितलं, त्याचं नाव घेऊन. काकूचा मुलगा, आटलेली गाय, सून, व्यापारी, दारुडा. आपल्या घरचं माणूस सगळ्यांत शेवटी मागावं, अशी त्यांची नम्र रीत होती. पण दिवसभराचा थकलेला माणूस, यादी लांब, भाताचा सुवास नाकात. घरच्या माणसाचं नाव यायच्या आत त्यांचा डोळा लागलेला असे. मग मावशीच मोठ्यानं "आमेन" म्हणून ताटं वाढायला घ्यायची. हेही ती हसत हसत सांगायची.

मी गोंदियात नोकरी करते, एकटीच राहते. एका वर्षी नाताळानंतर आमगावला गेले तर मावशी चहात पोळी बुडवून, कुस्करून, चमच्यानं खात होती. गळ्याची हाडं वर आलेली. मी विचारलं, "हे काय?"

"घशात अटकते," ती म्हणाली. "भाकर जातच नाही. पेज जाते थोडी."

"कधीपासून?"

"झाले खूप दिवस. उन्हाळ्यापासून."

मोसाजी दारात उभे होते. साऱ्या आमगावच्या चपलांच्या टाचा पाहणारा माणूस आपल्या बायकोच्या गळ्याकडे पहिल्यांदाच पाहावं तसा पाहत होता. "मले सांगतलं नाही तू," ते म्हणाले.

"सांगतलं ना जी," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, कुणी वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. "तवा चक्की सुरू होती."

मी तिला त्याच आठवड्यात गोंदियाला माझ्याकडे आणलं. मोसाजी सोबत आले. दवाखान्यात डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून तपासायला सांगितलं. ती तपासणी सकाळी होते, उपाशीपोटी यायचं, आणि लांबून लांबून लोक येत असल्यामुळे रांग मोठी. मला कामावर जायचं होतं, म्हणून ते दोघंच गेले. दुपारी घरी आले ते तपासणी न होताच. "गर्दी होती," मोसाजी म्हणाले. मावशी तशीच आत गेली. भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी परत गेले. जेवणाच्या सुट्टीत मी भाताची पेज डब्यात घालून दवाखान्यात गेले, तर त्या खोलीचं दार बंद झालेलं, रांग पांगलेली, आणि हे दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले.

"आज पण नाही?" मी विचारलं.

मोसाजी मला समजावून सांगायला लागले. सालेकशाकडचं एक गोंड जोडपं होतं, जंगलातल्या गावातलं. त्यांची परतीची गाडी चुकली असती. मग एक बाई होती, तिच्या आईची उलटी थांबत नव्हती. ते लोक फारच त्रासात होते. काल एक म्हातारा होता, त्याला बसवतही नव्हतं. "आपलं तं इथं तुह्या घरीच राहणं आहे बेटा," ते म्हणाले. "आपण उद्या येऊ शकतो. ते कुठून येतील?"

मावशी त्यांच्याकडे पाहत होती. दोन दिवस उपाशी ठेवलेलं तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. आवाज तेव्हाच बसत चालला होता, त्यामुळे ओरडायचं म्हटलं असतं तरी तिला ओरडता आलं नसतं. ती अगदी हळू बोलली, आणि व्हरांड्यातल्या झाडूवाल्या बाईनंही हात थांबवला.

"तुमची जागा तुमी द्या जी. जनमभर द्या. मी कधी नाही म्हटलं नाही," ती म्हणाली. "पन हे तुमची नव्हती. हे माही जागा होती."

झाडूवाल्या बाईनं झाडू भिंतीला टेकवला.

"मले मराची भीती वाटते," मावशी म्हणाली. "तुमाले दिसते काय?"

मी पेजेचा डबा हातात धरून उभी होते. मोसाजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहू नये. ते रडले नाहीत. त्यांनी मान एका बाजूला कलवली, चक्कीवर लोकांसमोर कलवत तशीच, आणि तिच्याकडे बघत राहिले. पण ती पुढं काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बरोबर गेले. मोसाजी आमच्या आधीच जाऊन रांगेत उभे होते. खिडकीच्या लोखंडी गजाला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, जणू पूर आला आहे. मावशीला मी बाकावर बसवलं. थोड्या वेळानं एक धिप्पाड गृहस्थ आले, मोबाईल कानाला, मागं दोन माणसं. कुणाची तरी ओळख होती. सरळ खिडकीशी आले आणि मोसाजींना खांद्यानं बाजूला सारत म्हणाले, "अरे चाचा, थोडा हटो."

मोसाजी म्हणाले, "माफ करना साहब. मैं नहीं हटता."

"क्या?"

"माफ करना. मेरी बाई की जगह है."

त्या गृहस्थांनी ढकललं. मोसाजींचा चष्मा खाली पडला. मी धावले. त्या माणसानं आवाज चढवला, मागच्या दोघांनी मोसाजींचा हात धरून ओढला, आणि मोसाजी गज न सोडता प्रत्येक धक्क्याला "माफ करना, माफ करना" म्हणत होते, आणि जागचे तसूभर हलत नव्हते. रांगेतल्या लोकांना आधी हसू आलं, मग त्यांनाही जोर आला. "काऊन ढकलता जी म्हाताऱ्याले?" एक बाई ओरडली. मग सगळेच ओरडले. तो गृहस्थ शिव्या देत मागं गेला. मी चष्मा उचलून दिला. एका काचेला तडा गेला होता. मोसाजींनी तो तसाच डोळ्यांवर चढवला. ते मला म्हणाले, "त्याले लागलं तं नाही ना?" आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "नाही, नाही. जाऊ दे."

यानं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मावशीचा नंबर पुकारायला आला तेवढ्यात एक मुलगी बापाला जवळजवळ पाठीवर घेऊन आली. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, तिच्या ओढणीवर सांडलं होतं. ती रांगेत कुणाकडे न बघता मोसाजींकडेच आली. असे लोक त्यांच्याकडेच कसे येतात, देव जाणे. "बाबाजी, पहले इनको जाने दो. हाथ जोड़ती हूँ," ती म्हणाली.

मोसाजींनी डोळे मिटून घेतले. मान नकारार्थी हलवली. आणि तसं हलवताना त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मुलगी पुन्हा म्हणाली, "बाबाजी." तेव्हा ते वळले, रांग न सोडता वळले, आणि बाकावरच्या मावशीला म्हणाले, "तू सांग."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मावशीनं त्या बापाकडे पाहिलं, त्या ओढणीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "जाऊ द्या त्याले. माहा नंबर त्याच्या मागं."

त्या दिवशी मावशीची तपासणी झाली. काही दिवसांनी कागद आला. अन्ननलिकेचा कर्करोग, आणि फार पुढं गेलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ते दोन दिवस वाया गेले म्हणून मनाला लावून घेऊ नका, त्यानं काही फरक पडला नसता, उन्हाळ्यात दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी यातला पहिला भाग मोसाजींना सांगितला. ते म्हणाले, "फरक पडला ना बेटा. दोन दिवस ते उपाशी रडली." उन्हाळ्याचं मी बोलले नाही. त्यांना ते कळलेलं होतं.

मावशीनं आमगावला जायचं म्हटलं. पोटात नळी घातली होती, तीतून दूध, पेज, पातळ वरण घालायचं. मोसाजी ते शिकले. चक्की त्यांनी बंद केली. मी शनिवारी जायची तेव्हा पाहायची, लोक सवयीनं यायचे, डबा घेऊन किंवा डब्याशिवाय, आणि बंद शटरवरून वळून घराच्या दाराशी यायचे. मोसाजी दारात येऊन हात जोडायचे. "माफ करा. आता ते बोलून राहिली." आणि आत जायचे.

ती बोलत असायची हे खरं होतं. आवाज इतका बसला होता की तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. मोसाजी खाटेशेजारी जमिनीवर बसून कान तिच्या ओठांशी धरून ठेवायचे, आणि ती त्यांना जन्मभराची गाऱ्हाणी सांगायची. सालेकशाच्या लग्नातल्या बोटीपासून सुरुवात झाली. मग नागपूरच्या गाडीतले सुजलेले पाय. मग माहेरून आणलेली पितळी परात, ती मोसाजींनी कुणाच्या तरी लग्नाला दिली आणि परत मागितली नाही. मग प्रार्थनेत कधीच न आलेलं तिचं नाव. एकेक सांगून झालं की मोसाजी विचारायचे, "आणखी?" ते वाद घालत नसत, माफीसुद्धा मागत नसत. माफी मागायला लागले की ती हातानं थांबवायची. पुढे पुढे तिला त्याची गंमत वाटायला लागली. एका शनिवारी मी गेले तेव्हा ती म्हणत होती, "आज काही याद नाही येत जी. उद्या सांगीन. सोडनार नाही तुमाले." आणि हसली. हसताना तिचा सगळा देह दुखायचा, तरी हसली.

सगळ्यांत शेवटचं गाऱ्हाणं तिनं फाल्गुनातल्या एका दुपारी सांगितलं. खिडकीतून गरम वारा येत होता, मी तिच्या तळव्यांना तेल चोळत होते. त्यांना एक मुलगा झाला होता आणि वर्षाच्या आत गेला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

"बारक्याले मातीत ठेवलं तवा," मावशी म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली. "खड्डा खनणाऱ्याच्या हाताले फोड आला होता. तुमी त्याले पट्टी बांधत बसले. मी एकटी उभी होती."

मोसाजींनी "आणखी?" म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

"आता काही नको," ती म्हणाली. "आयकलं ना तुमी. झालं."

त्यांनी कपाळ खाटेच्या कडेवर टेकलं. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच पडला, म्हणून मी तो धरून त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्या संध्याकाळी मोसाजींनी प्रार्थना केली. एकच नाव घेतलं, तिचं, आणि आमेन म्हणाले.

मावशी उन्हाळा लागता लागता गेली. मातीला सगळं आमगाव आलं होतं. इतकी माणसं त्या लहानशा दफनभूमीत मावत नव्हती, लोक धानाच्या बांधावर उभे होते. शेजारची काकू आली होती, व्यापारी आला होता, दारुडाही आला होता, शुद्धीत. गर्दीत एक म्हातारी उन्हानं चक्कर येऊन पडली, लोक धावले, पाणी आणा म्हणून ओरडले. मोसाजींनी तिकडं मान वळवली नाही. ते पेटीजवळ उभे होते, आणि शेवटची मूठ पडेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग कुणीतरी त्यांना धरून नेलं, तर गेले. पाणी दिलं, तर प्याले.

परवा मी आमगावला गेले होते. परत निघताना मोसाजी मला सोडायला स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. समोरून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते पाहत राहिले. माझ्या मनात आलं, या माणसानं जन्मभर सगळ्यांचं ऐकलं, याला कुणी काही विचारलं होतं का? म्हणून मी विचारलं, "मोसाजी, तुम्हाला कसं वाटून राहिलं?"

ते चपापले. म्हणाले, "मले सांगता येत नाही बेटा. सवय नाही." मग रुळांकडे पाहत म्हणाले, "एक गोष्ट आहे. तिचा आवाज मले याद येते तो बसलेलाच. शेवटचा. त्याच्या आधीचा कसा होता तो ध्यानातच येत नाही. लय कोशिश करतो. तू तं लहानपणी येत होती. तुले याद आहे?"

मला आठवत होता. मावशीचा आवाज म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. दुपारी जेवणाची वेळ झाली की ती मागच्या अंगणातून मोसाजींना हाक मारायची, ती हाक बाजारापर्यंत जायची. ते शब्दांत कसं सांगणार? मी इकडं तिकडं पाहिलं. प्लॅटफॉर्मवर पुष्कळ माणसं होती, पण मी हाताचा पडदा तोंडाशी धरला आणि तिच्यासारखीच, शेवटचं अक्षर लांबवून, हाक मारली, "आयकता का जीऽऽ!"

लोक वळून पाहायला लागले. चहावाला थांबला. मोसाजींनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. गाडीचा आवाज दुरून यायला लागला होता, म्हणून मला त्यांच्याकडे वाकावं लागलं.

"हव," ते म्हणत होते. "आयकून राहिलो."